पिकअपचा हौदा गेला कुठे?

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका शेजाऱ्याने टोयोटा हायलक्स घेतली. पांढरीशुभ्र, चार दारांची, मागे उघडा हौदा. पेढे वाटून झाले, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि गाडी स्टिल्टखाली लावायला नेली, तेव्हा पुढचा बंपर पिवळ्या पट्टीच्या बाहेर राहिला. मागे घ्यावी तर भिंत. आपल्याकडच्या बांधकाम नियमांत मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरलेली असते आणि ही गाडी ५.३२५ मीटर लांब आहे. म्हणजे फूटभर जास्त. त्या फूटभरावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

त्याच रविवारी माझा आत्तेभाऊ जेवायला आला. दादाच्या दोन बोलेरो पिकअप तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटवर चालतात. रात्री दोनला भरायचं आणि उजाडायच्या आत ठाण्यात जांभळी नाक्याला उतरवायचं, असं त्याचं वीस वर्षांचं वेळापत्रक आहे. त्याने नव्या गाडीला एक फेरी मारली, फाळका उघडून पाहिला, आपटून बंद केला आणि विचारलं, "पासिंग किती?"

पासिंग म्हणजे आरटीओच्या कागदावर या गाडीत किती माल घालायची परवानगी आहे, तो आकडा. धंद्यातला माणूस गाडीचं नाव विचारायच्या आधी हे विचारतो.

"ते नाही बघितलं, दादा," शेजारी म्हणाला. "पण सातशे मिलिमीटर पाण्यातून आरामात जाते."

"तेवढं पाणी जुलैत आमच्या गल्लीतच असतं," दादा म्हणाला. मग दार उघडून मागच्या सीटवरून हात फिरवला आणि काही न बोलता जेवायला वर आला.

जेवताना मात्र त्याने हिशेब मांडला. त्याच्या बोलेरोच्या नावातच १.७ टी आहे, म्हणजे १७०० किलो. पन्नास किलोची गोणी धरली तर ३४ गोण्या. हायलक्सला इथल्या कागदावर अर्ध्या टनाच्याही आतली परवानगी आहे, म्हणजे आठ-नऊ गोण्या. हौदा जेमतेम दीड मीटरचा आणि किंमत तीस लाखांच्या घरात. "मग ही पिकअप कसली?" तो म्हणाला. प्रश्न चोख होता. दोन पोळ्यांमध्ये मला त्याचं उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

मधली भिंत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांनी वन बीएचके घेतलाय, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. कार्पेट एरिया ठरलेला असतो. किचन मोठं हवं तर मधली भिंत हॉलकडे ढकलायची, हॉल मोठा हवा तर किचनकडे. दोन्ही मोठं करून देतो म्हणणारा कंत्राटदार तुमची बाल्कनी आत घेत असतो.

पिकअपचंही तसंच आहे. तिची चासी म्हणजे आडवी ठेवलेली लोखंडी शिडी: दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. या शिडीवर पुढे इंजिन बसतं, त्यामागे केबिन आणि त्यामागे हौदा. केबिन आणि हौदा हे दोन सुटे डबे असतात. कुठल्याही पिकअपच्या बाजूला उभं राहिलात तर दोघांमधली फट दिसते. ही फट म्हणजेच आपली मधली भिंत. ती पुढे असेल तर सिंगल कॅब: दोन दारं, सीटची एक रांग, मागे लांब हौदा. ती पार मागे नेली तर डबल कॅब: चार दारं, पाच माणसं, आखूड हौदा. मध्ये एक तिसरा प्रकार आहे, एक्स्टेंडेड कॅब. त्यात पुढच्या सीटमागे थोडी जागा आणि बहुधा दोन दुमडत्या बैठका असतात. त्या बैठकांवर मोठ्या माणसाला बसवणं म्हणजे लग्नात नावडत्या पाहुण्याला खांबामागची खुर्ची देणं.

गेल्या चाळीस वर्षांत जगभर, विशेषतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमध्ये, मधल्या आकाराच्या पिकअपची ही भिंत मागे मागे सरकत गेली. मधल्या आकाराच्या म्हणजे फोर्ड एफ-१५० सारख्या अवाढव्य अमेरिकी गाड्यांहून लहान: हायलक्स, रेंजर, टॅकोमा, कोलोरॅडो, फ्रंटियर, डी-मॅक्स ही मंडळी.

फोर्ड रेंजरचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. १९८३च्या मॉडेलची छोटी रेंजर सुमारे ४.४६ मीटर लांब होती आणि तिला सहा किंवा सात फुटांचा हौदा मिळायचा. आज अमेरिकेत विकली जाणारी रेंजर सुमारे ५.३५ मीटर लांब आहे आणि हौदा पाच फुटांचा. गाडी जवळजवळ तीन फुटांनी वाढली, पण त्यातलं एक बोटही मालाच्या वाट्याला आलं नाही. उलट मालाचा होता तोही फूट गेला. सगळं माणसांना आणि नाकाडाला मिळालं.

मधल्या काळात एक मजेशीर प्रकार घडला. २०११-१२च्या सुमारास अमेरिकेत या वर्गाला घरघर लागली होती. फोर्डने तिथली रेंजर २०११च्या डिसेंबरात बंद केली, डॉजची डकोटा त्याच वर्षी गेली, पाठोपाठ शेवरलेची कोलोरॅडो थांबली. कारण साधं होतं: मोठी पिकअप थोड्याच जास्त पैशांत मिळत होती आणि पेट्रोलही फारसं जास्त पीत नव्हती. मग लहान घेऊन करायचं काय? मैदानात मुख्यतः टोयोटा टॅकोमा आणि निसान फ्रंटियर उरल्या. नंतर त्याच गाड्या परतल्या, कोलोरॅडो २०१५च्या मॉडेलपासून आणि रेंजर २०१९च्या, पण परतल्या त्या वेगळ्याच होऊन. मधल्या काळात टॅकोमाने २०१४नंतर सिंगल कॅब बंदच करून टाकली होती. २०२३ची कोलोरॅडो तर फक्त एकाच साच्यात आली: चार दारं, सव्वापाच फुटांच्या आतला हौदा, २.७ लिटरचं एकच टर्बो पेट्रोल इंजिन. लांब हौदा हवा असेल तर दुसऱ्या शोरूमची वाट धरा.

गिऱ्हाईक बदललं, पण एकट्या गिऱ्हाइकाने नाही

आधी पिकअप ही घरातली दुसरी गाडी असायची. सुतार, शेतकरी, प्लंबर ती कामावर न्यायचा आणि बायकामुलं सेडानमध्ये फिरायची. मग घराघरांत एकाच गाडीने सगळं करायची वेळ आली, किंवा आवड लागली म्हणा. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी प्लायवूड, रविवारी मुलांना घेऊन डोंगर. लहान मुलाची सीट मागच्या रांगेत पट्ट्याने बांधावी लागते. ज्या गाडीला मागची रांगच नाही, तिचं नाव यादीतून पहिल्या फेरीत कटतं. एक्स्टेंडेड कॅब यातच मागे पडली. ती ना धड मालाची होती, ना धड माणसांची.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात उघड्या हौद्याच्या मोटारीला 'यूट' म्हणतात आणि तिच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात: तीसच्या दशकाच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. आम्हाला अशी गाडी द्या, की रविवारी तिच्यातून चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट या तरुण डिझायनरने १९३४ मध्ये ती बनवली. नव्वद वर्षांनंतरही मागणी तीच आहे, फक्त रविवार लांबत गेला आणि सोमवार आखडला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी कुठली, तर फोर्ड रेंजर. त्याआधी सात वर्षं तो मान हायलक्सकडे होता. तिथे साधी मोटार पहिल्या नंबरला नाहीच.

आता आडवळण. सगळं श्रेय गिऱ्हाइकाच्या आवडीला देणं मला पटत नाही, कारण गिऱ्हाईक दुकानात जे आहे त्यातूनच निवडतं. आणि अमेरिकेत दुकानात काय असावं हे बऱ्याच अंशी सरकारी नियमांनी ठरवलं.

पहिला नियम कोंबड्यांमुळे आला. साठच्या दशकात युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली. उट्टं काढायला अमेरिकेने १९६४ पासून, इतर काही वस्तूंबरोबर, परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर मात्र राहिला. लोक त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. बाहेरची स्वस्त, लहान पिकअप त्यामुळे तिथे सहज पोहोचत नाही. सुबारूने यावर एक तोडगा काढला होता. तिच्या ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन उलट्या तोंडाच्या सीट बसवून दिल्या आणि ही माल वाहायची नव्हे, माणसांची गाडी आहे असं सांगितलं. आपल्याकडचा एखादा एजंट ते ऐकून उठून उभा राहिला असता.

दुसरा नियम इंधनाचा. अमेरिकेत कंपनीला गाठावं लागणारं मायलेजचं लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतं. चाकं जितकी दूर, तितकं लक्ष्य सोपं. साहजिकच लहान पिकअप बनवणं म्हणजे स्वतःसाठी अवघड पेपर मागून घेणं. चाकं लांब आणि रुंद पसरली की पेपर सोपा होतो, आणि लांबलेल्या गाडीत चार दारं बसतातच. गिऱ्हाइकाची आवड आणि कंपनीची सोय इथे एकमेकांच्या गळ्यात पडली.

पाटे आणि सीसॉ

दादाला सगळ्यांत जास्त रस असलेला भाग हा, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माल वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या आसाला पाटे असतात: पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत. वजन वाढलं की एकेक पट्टी कामाला लागते. स्वस्त, दणकट, गल्लीतल्या गॅरेजात दुरुस्त होणारी चीज. पण दीड टन पेलायला बनवलेले पाटे रिकाम्या गाडीत हलत नाहीत. म्हणून मार्केटमध्ये माल उतरवून परतणारी पिकअप ठाणे-बेलापूर रोडवर टणाटण उडत जाते आणि ड्रायव्हरची कंबर चाळिशीतच जाते. माल असताना तीच गाडी शहाण्यासारखी चालते.

आता ज्याचा हौदा वर्षातले तीनशे दिवस रिकामा असतो, त्याने कायम टणाटण उडत का जावं? म्हणून कंपन्यांनी पाटे मऊ केले, कुणी ते काढून मोटारीसारख्या गुंडाळी स्प्रिंग घातल्या. २०२४ची टॅकोमा पाहा: पिढ्यान्‌पिढ्या मागे पाटे होते, आता बहुतेक मॉडेलना गुंडाळी स्प्रिंग आहेत. गाडी रस्त्यावर एसयूव्हीसारखी चालते. बदल्यात माल उचलायची ताकद थोडी कमी होते. पण त्या गिऱ्हाइकाने ती ताकद मागितलीच नव्हती.

दुसरा हिशेब वजनाचा. गाडीचं एकूण वजन, म्हणजे लोखंड अधिक माणसं अधिक माल, किती असावं याची एक कमाल मर्यादा असते. ती चासी, ब्रेक, टायर आणि कायदा मिळून ठरवतात. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं. दोन जादा दारं, मागची सीट, एअरबॅग, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मोठी टाकी, मोठा स्क्रीन, या प्रत्येक सोयीचं वजन मालाच्या खात्यातून कापलं जातं. पगारातून पीएफ कापावा तसं, फक्त हा पुढे परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बागेतला सीसॉ आठवा. पिकअपमध्ये मागचा आस हा त्याचा मधला टेकू. सिंगल कॅबमध्ये हौदा बऱ्यापैकी आसाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे माल पुढच्या-मागच्या चाकांवर नीट वाटला जातो. डबल कॅबमध्ये केबिनने हौद्याला मागे ढकललेलं असतं, त्याचा बराच भाग आसाच्या पलीकडे लोंबतो. फाळक्याशी सिमेंटच्या गोण्या रचल्या की मागची बाजू बसते आणि पुढची उचलते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेकही नीट पकडत नाहीत. मागे जड कॅरॅव्हॅन जोडून, वर हौदाही भरून, खडबडीत रस्त्यावर गेलेल्या डबल कॅबच्या चासी वाकल्याची उदाहरणं ऑस्ट्रेलियात आहेत. तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी जड सामान केबिनला चिकटून ठेवावं आणि हलकं फाळक्याकडे. दादाला हे कुणी शिकवलं नाही, पण त्याचा हमाल गोण्या पुढूनच रचायला घेतो.

मागितलं ते दिलं

कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं खरोखर ऐकल्याच्या काही छान जागा आहेत. नव्या रेंजरच्या मागच्या चाकामागे, हौद्याच्या कोपऱ्यात, एक छोटी पायरी दिली आहे. लोक टायरवर पाय ठेवून हौद्यात चढताना पाहिल्यावर ती सुचली. दोन चाकांमधली रुंदी पन्नास मिलिमीटरने वाढवली, का तर हौद्यात मालाचा लाकडी पॅलेट सपाट बसावा. हायब्रिड टॅकोमाच्या हौद्यात २४०० वॉटचा प्लग मिळतो. करवत चालते, ड्रिल चालतो, आणि बहुतेकांच्या हाती त्यावर कॉफीचं यंत्रच चालत असेल असा मला दाट संशय आहे.

आवड आणि गरज यांत मात्र फरक असतो आणि होंडाने तो सोसून पाहिला. २००५ मध्ये आलेल्या रिजलाइनला शिडीची चासीच नाही, ती मोटारीसारखी एकसंध बनवली आहे. मऊ चालते, आत प्रशस्त आहे, हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद डिकी आहे, फाळका खालीही उघडतो आणि बाजूलाही. बहुतेक लोक पिकअपचा जो वापर करतात, त्याला हीच सगळ्यांत योग्य गाडी आहे असं माझं मत. पण खपात ती टॅकोमाच्या पासंगालाही पुरत नाही. कारण ती रांगडी दिसत नाही. लोकांना मोटारीसारखी चालणारी गाडी हवी होती, पण ती ट्रकसारखी दिसायला हवी होती. मग कंपन्यांनी ते ओळखलं: उंच सस्पेंशन, जाड टायर, काळ्या प्लास्टिकच्या कमानी, आणि नावं रॅप्टर, झेडआर-टू, टीआरडी प्रो. यातल्या काही गाड्या वाळवंटात खरोखर उड्या मारू शकतात. बहुसंख्य सुपरमार्केटच्या आवारात उभ्या असतात. आपण तरी कुठे वेगळे? पायऱ्या चढताना धाप लागणारे आपण ट्रेकिंगचे बूट घालून मॉलमध्ये जातोच.

तुर्भ्यात भिंत उलटी सरकली

आता आपल्या अंगणात या. मार्केटच्या गेटवर पहाटे चारला उभं राहून पाहिलं तर हा सगळा बदल झालाच नाही असं वाटेल. तिथे सगळ्या सिंगल कॅब, आणि हौदे वर्षागणिक लांब झालेले.

आपल्याकडेही चार दारांची हौशी पिकअप विकायचे प्रयत्न झाले. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आली, टाटांची झेनॉन एक्सटी २००९ मध्ये आली, इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये, हायलक्स २०२२ मध्ये. यातली एकही घराघरांत पोहोचली नाही. कारणं उघड आहेत. तेवढ्याच पैशांत सात सीटची, बंद डिकीची एसयूव्ही मिळते. आपल्या पावसात उघडा हौदा म्हणजे चार महिने ताडपत्री. चार मीटरच्या आतल्या मोटारींना जी कराची सवलत असते ती सव्वापाच मीटरला कुठून मिळणार? आणि प्रतिष्ठेचा प्रश्न वेगळाच. माझ्या शेजाऱ्याला पहिल्या महिन्यात दोनदा वेगवेगळ्या गेटवर सिक्युरिटीने विचारलं, "डिलिव्हरी कुठल्या विंगला?"

आपली खरी डबल कॅब म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढे साहेब आणि ड्रायव्हर, मागच्या सीटवर चार वायरमन, हौद्यात शिडी आणि केबलचं रीळ. ठेकेदार, वीजवाले, साइट इंजिनिअर ती हौसेने घेत नाहीत, माणसं आणि अवजारं एका खेपेत पोहोचवायला घेतात. त्या शेतकऱ्याच्या बायकोला हवी होती ती गाडी बहुधा हीच.

मालाच्या पिकअपचा प्रवास मात्र पूर्ण वेगळा. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आला आणि तीनचाकी टेम्पोवाल्याला चार चाकांवर बसवलं. अरुंद गल्ल्यांसाठी तो पुरला. पण शहर पसरलं, घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, पनवेलपर्यंत दुकानं गेली, तशी एका खेपेत जास्त माल नेणाऱ्याची चलती झाली. भाडं खेपेवर मिळतं, डिझेल आणि ड्रायव्हरही खेपेवर जातो. ३४ गोण्यांऐवजी ४० गेल्या तर वरच्या सहा गोण्यांचं भाडं जवळपास निव्वळ नफा. म्हणून या गिऱ्हाइकाने कंपनीकडे काय मागितलं? दोन गोष्टी: लांबी आणि पासिंग. बोलेरो पिकअपच्या नावातले आकडे पाहा, १.३, १.५, १.७ आणि बोलेरो मॅक्समध्ये २.० टन. त्यातल्या सर्वांत लांब हौद्याची लांबी ३०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट. टाटांनीही २०२२ मध्ये योद्धा २.० आणली, तीही दोन टनांची. शहरातल्या फेऱ्यांसाठी सीएनजीचे पर्याय आले.

यालाही कायद्याचा टेकू आहेच. साडेतीन टनांच्या आतली गाडी हलक्या वर्गात राहते. साध्या हलक्या मोटारीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने कायम केलं. ड्रायव्हर मिळणं हीच आज धंद्यातली सगळ्यांत मोठी अडचण असल्यामुळे दादाच्या दृष्टीने हा निकाल कुठल्याही नव्या इंजिनापेक्षा मोठा आहे. एसीचं मात्र उलट झालं. साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला २०२५ पासून एसी सक्तीचा झाला, पिकअप त्यातून सुटली. एसी लावायचा की नाही हे मालकावर राहिलं, आणि मालक म्हणजे दादासारखे. खिडकी उघडी ठेवा, खाडीचा वारा येतो.

भिंत पार मागे गेल्यावर काहींना ती पुन्हा पुढे आणावीशी वाटते आहे. टोयोटाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडमध्ये हायलक्स चॅम्प काढली. दोन दारं, सपाट उघडा हौदा, आणि चासीवर बोल्ट ठोकायला आधीच पाडलेली भोकं, म्हणजे मालकाने वर काय बांधायचं ते बांधावं. अमेरिकेत स्लेट नावाच्या नव्या कंपनीने २०२५ मध्ये दोन दारांची विजेवर चालणारी छोटी पिकअप दाखवली. खिडकीच्या काचा हाताने फिरवायच्या, स्क्रीन नाही, रंगसुद्धा नाही. चीनच्या बीवायडीने मात्र २०२४ मध्ये मेक्सिकोत शार्क आणली ती चार दारांची, चार्जिंगवर आणि पेट्रोलवरही चालणारी. एकाच वेळी दोन टोकांचे सुतार कामाला लागलेत.

हे सगळं दादाला सांगून झालं. त्याने 'हं' केलं.

मेच्या शेवटी शेजाऱ्याला त्याच्या आईचा शिसवी पलंग नौपाड्याच्या जुन्या घरातून इकडे आणायचा होता. गाडी दारात असताना टेम्पो कशाला, म्हणून तो हायलक्सच घेऊन निघाला आणि बांधाबांध कुणाला तरी यावी म्हणून दादाला सोबत नेलं. पलंग साडेसहा फुटी आणि हौदा पाच फुटी. दादाने फाळका उघडा ठेवून पलंग त्यावर रेलला, दोराचे असे काही फेरे घातले की तो बोटभरही हलेना, आणि मागच्या पायाला लाल फडकं बांधलं. येताना उन्हात कळव्याला तासभर ट्रॅफिक लागला. दादा मागच्या सीटवर एसीत बसला होता. ऐरोली यायच्या आधीच तो घोरत होता, असं शेजाऱ्याने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आधी कांद्याच्या भावाबद्दल बोलला, मग पावसाबद्दल. मग म्हणाला, "काय रे, आपल्या पिकअपमध्ये एसी येतो का आता? सहज विचारतोय."